बोटात रुतलेली अंगठी

मित्रांनो, मी सोन्याची एक अंगठी आहे. जुनी म्हणावी इतकं काही माझं वय नाही, येत्या वैशाखात मला सहा वर्षं पूर्ण होतील. पण मी आता कुणाच्या बोटात बसणार नाही. माझं कडं एका जागी कापलेलं आहे आणि कापल्या जागेची दोन्ही टोकं वाकून एकमेकांपासून दूर गेली आहेत. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात एक लहानशी वाडी आहे. तिथल्या अंजनाबाईंच्या चंचीत, म्हणजे त्यांच्या पानसुपारीच्या कापडी पिशवीत मी राहते. शेजारी अडकित्ता, चुन्याची डबी आणि सुपारीची खांडं असतात. मी इथे कशी आले ते तुम्हांला सांगायचं आहे. गोष्ट आनंदाची नाही. तरी शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म वरंगळचा. तिथल्या एका अरुंद गल्लीत जयराजचं गलाईचं दुकान आहे. जयराज मूळचा विट्याचा. विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोनारांकडचं मोडीचं सोनं वितळवायचं, तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात घालून त्यातलं हीण काढायचं आणि चोख सोनं परत द्यायचं, असं हे काम. आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं हाताळणाऱ्या जयराजनं स्वतःसाठी सोनं असं कधी वितळवलं नव्हतं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईनं आपल्या कानातली मोडकी फुलं रुमालात बांधून त्याच्या हाती दिली. ती फुलं म्हणजे मी.

मुशीत वितळताना काय वाटलं ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो जयराजचा चेहरा. भट्टीच्या उजेडात तो वाकून माझ्याकडे बघत होता आणि एकटाच हसत होता. चोख सोनं फार मऊ असतं, म्हणून त्यानं माझ्यात बेताचं तांबं घातलं. शेजारच्या सोनाराकडून मला गोल घडवून घेतलं, पण कानस मारून गुळगुळीत करायचं काम त्यानं स्वतः केलं. खडा नाही, नक्षी नाही, साधं कडं. वैशाखात लग्न झालं आणि मी पल्लवीच्या डाव्या हातात गेले.

पल्लवी म्हणजे अंजनाबाईंची धाकटी मुलगी. डोंगरातल्या वाडीत वाढलेली, बारीक अंगाची, बोलायला थोडी आणि कामाला चपळ. तिचं बोट इतकं सडपातळ होतं की मी सैल पडू लागले. तेव्हा तिनं माझ्या खालच्या बाजूला पिवळा दोरा गुंडाळला. तरीही भाकरीचं पीठ मळताना ती मला काढून मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवायची आणि हात धुतले की पुन्हा घालायची. वरंगळला खाली दुकान आणि वर एक खोली, एवढा त्यांचा संसार. तिला तेलुगू येत नव्हतं. वर्षभरात ती भाजीवाल्या बाईशी घासाघीस करण्याइतकं शिकली. ते दिवस चांगले होते. चांगल्या दिवसांबद्दल सांगायला फारसं काही नसतं.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली आणि पल्लवीला दिवस राहिले. पहिले तीन महिने तिला अन्नाचा वास सहन होईना. मग तेही सरलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिला एक कार्ड मिळालं, त्यावर सगळं तेलुगूत लिहिलेलं. पाचव्या महिन्यात तिनं माझा दोरा सोडला, कारण मी आता नेमकी बसत होते. सहावा सरताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जयराजला सांगितलं, की तेजाबाच्या धुराच्या घरात हिला ठेवू नका, गावी न्या. जयराज तिला घेऊन विट्याला आला. सातव्यात, मार्गशीर्षात, डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, केसांत फुलं, ओटीत नारळ. बायकांनी पाच फळं तिच्या ओटीत घातली. त्यानंतर पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे अंजनाबाई तिला वाडीला घेऊन आल्या आणि जयराज वरंगळला परत गेला.

मित्रांनो, शेवटचे तीन महिने कसे असतात हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. त्यातलं बरंचसं चारचौघींसारखंच होतं. पल्लवीला उताणं झोपवेना, ती डाव्या कुशीवर वळून झोपायची. घडोघडी लघवीला जावं लागायचं. चार घास खाल्ले की घशाशी जळजळायचं. कंबर भरून यायची. आणि बाळ हलायचं. पल्लवी हात पोटावर ठेवायची, तेव्हा मी तिच्या बोटात असल्यामुळे त्या लाथा मलाही लागायच्या. दुपारी जेवण झाल्यावर बाळाला विशेष जोर यायचा. पल्लवी स्वतःशीच मोजायची, दहा झाल्या की हसायची आणि उठून कामाला लागायची. मी सोनं आहे, मला जीव नाही. पण त्या दिवसांत मला कुणीतरी आतून हाक मारतंय असं वाटायचं.

गावची आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती, स्वप्नाली घरी येऊन गेली. तेलुगू कार्ड तिला वाचता आलं नाही, पण आकडे कळले. रक्तदाब वरंगळला चांगला होता. ती म्हणाली की दर महिन्याच्या नऊ तारखेला पाटणला दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे जायचं. पौषातल्या नऊ तारखेला अंजनाबाई तिला घेऊन गेल्या. नवं मराठी कार्ड झालं. रक्तदाब ठीक, वजन ठीक, बाळाचे ठोके ठीक. कार्डावर एक ओळ भरली. खालच्या ओळी पुढच्या महिन्यांसाठी रिकाम्या होत्या.

पुढच्या महिन्यातल्या नऊ तारखेला भावकीत साखरपुडा निघाला. वाडीतली एकुलती एक जीप पाहुण्यांना आणायला गेली. एसटीनं पोटुशा पोरीला हिंदकळत कशाला न्यायचं, असं अंजनाबाईंना वाटलं. स्वप्नालीताई आदल्या दिवशी आठवण करून गेली होती. अंजनाबाई तिला म्हणाल्या होत्या, "जाऊ की बाय पुढच्या आठवड्यात. पोरगी चांगली हिंडतीफिरती हाय."

त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःला चार मुलं झाली होती, चारही घरात. त्या वेळी कुणी त्यांचा हात धरून दंडाला पट्टा बांधला नव्हता. त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांच्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं होतं, आणि त्यात पल्लवीला होणार होतं ते नव्हतं.

मला मात्र आधीच कळलं होतं.

साखरपुड्याच्या दहाएक दिवस आधी मी बोटात फिरेनाशी झाले. आधी पल्लवी मला सहज गोल फिरवायची, ती तिची सवयच होती. आता मी जागची हलेना. पायाची सूज संध्याकाळी यायची आणि सकाळी उतरायची, तोवर ठीक होतं. पण ही सूज हातांना होती, आणि ती सकाळीही जात नव्हती. माझ्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं. एकदा तिनं खोबरेल तेल लावून मला काढायचा प्रयत्न केला. अंजनाबाईंनीही ओढून बघितलं. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं, तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की राहू दे, बाळंत झालीस की निघंल आपसूक.

जयराज रोज फोनवर तोंड बघून बोलायचा. एकदा त्यानं तिचा हात बघितला आणि बोट चांगलंच जाड झालंय म्हणून हसला. ती पण हसली. साखरपुड्याला आलेल्या बायकांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. अंगानं भरली, गालावर तेज आलं, माहेरचं पाणी मानवलं, असं जी ती म्हणाली. अंजनाबाईंचा ऊर भरून आला. लग्नाआधी त्यांच्या या मुलीला सगळे काटकुळी म्हणायचे. त्या दिवशी माझंही कौतुक झालं. एक म्हातारी म्हणाली, अंगठी कशी रुतून बसलीय बघा, आता जन्मभर निघायची नाही.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते. ते तेज नव्हतं. ते पाणी होतं, आणि ते तिच्या अंगात साठत होतं.

साखरपुड्याच्या संध्याकाळी पल्लवीचं डोकं दुखू लागलं. तिनं कपाळाला ओढणी घट्ट बांधली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. अंजनाबाई दिवसभराच्या कामानं दमल्या होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही नाही, थंडीनं जड झालंय. दुसऱ्या दिवशीही दुखतच होतं. माझ्या कड्याखालची नस टणटण उडत होती, ती मला लागत होती. जयराजचा फोन आला. लग्नसराई जवळ आली होती, दुकानात कामाचा ढीग होता. आपण सांगितलं तर हा दुकान बंद करून धावत येईल, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला सांगितलं नाही. आईला सांगितलं तर आई त्याला सांगेल, म्हणून आईलाही सांगितलं नाही. दुपारी तिनं पोटावर हात ठेवला. दहा लाथा मोजायला त्या दिवशी फार वेळ लागला. ती मोजता मोजता मध्येच थांबली आणि बाळ झोपलंय अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. सुपात बघता बघता तिनं डोळे चोळले.

"आई," ती म्हणाली, "माझ्या डोळ्याम्होरं काजवं चमकल्यागत व्हतंय."

अंजनाबाई लिंबाचं सरबत करायला आत गेल्या. पित्त झालं असेल असं त्यांना वाटलं. त्या तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सूप उपडं झालं होतं, तांदूळ अंगणभर पसरले होते आणि पल्लवी आडवी पडून सगळ्या अंगानं झटके देत होती. तिची मूठ वळली होती. त्या मुठीत मी होते. इतकी घट्ट मूठ मी कधी अनुभवली नव्हती.

पल्लवीचे वडील कोंडीबा शेताकडून धावत आले. वाडीत फोनची रेंज येते-जाते, नेमकी तेव्हा ती गेली होती, म्हणून कुणीतरी टेकाडावर पळालं आणि तिथून एकशे आठला फोन लावून रुग्णवाहिका बोलावली. गाडी घाट चढून येईपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी पल्लवीला जीपमध्ये घातलं आणि गाडी अर्ध्या वाटेत गाठली. पाटणला दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि लगेच कराडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. वाटेत अंजनाबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा अंगठा माझ्यावरच होता. मला त्या सारख्या दाबत होत्या, जणू मला धरून ठेवलं की पल्लवी जाणार नाही.

कराडला शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर सिस्टरनी तिच्या अंगावरचे दागिने उतरवले. मंगळसूत्र निघालं, बांगड्या फोडाव्या लागल्या. मी निघेना. बोट निळं पडलं होतं. साबण लावला, दोरा गुंडाळून बघितला, काही उपयोग झाला नाही. मग एका सिस्टरनी लहानसं दातेरी चाक असलेलं हत्यार आणलं. त्याची पातळ पट्टी त्यांनी माझ्या आणि कातडीच्या मधे सरकवली आणि चाक फिरवायला सुरुवात केली.

जयराजनं जिथे कानस मारून मला गुळगुळीत केलं होतं, तिथेच मी कापले गेले. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. मला फक्त एवढंच वाटलं, की हे आधी व्हायला हवं होतं. माझी टोकं चिमट्यानं फाकवली तेव्हा तिचं बोट मोकळं झालं. बोटाभोवती खोल चर पडला होता. सिस्टरनी मला कागदाच्या पुडीत बांधून अंजनाबाईंच्या हाती दिलं. त्यांनी ती पुडी चंचीत टाकली.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. त्या हळू आवाजात बोलत होत्या. रक्तदाब फार वाढला होता, त्यानं झटके आले. बाळाचे ठोके लागत नाहीत. आता आईला वाचवायची धडपड आहे. मग त्यांनी विचारलं, "हात आणि तोंड कधीपासून सुजलं होतं?"

"दोन आठवडं झालं आसतील," अंजनाबाई म्हणाल्या.

"कुणाला दाखवलं नाही?"

अंजनाबाईंनी चंचीतली पुडी चाचपली.  डॉक्टर आत गेल्या. कोंडीबा भिंतीला टेकून खाली बसले.

मुलगी होती. पूर्ण वाढलेली, नखं आलेली. तिनं श्वास घेतला नाही. पल्लवी बेशुद्ध होती आणि जयराज अजून रेल्वेत होता. थांबण्यासारखं काही नव्हतं. दुपारी कोंडीबांनी नातीला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि वाडीला नेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, आपल्याच रानात, हिरड्याच्या झाडाखाली त्यांनी तिला मातीत ठेवलं आणि वर एक मोठा दगड ठेवला. जयराज कराडला पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलीचं तोंड त्यानं पाहिलं नाही, पल्लवीनंही पाहिलं नाही. तिला पाहिलं ते फक्त अंजनाबाईंनी आणि कोंडीबांनी.

पल्लवी वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं नीट डोळे उघडले. जयराज उशाशी बसला होता, अंजनाबाई पायथ्याशी. मी चंचीतून ऐकत होते. पल्लवीनं पहिल्यांदा हात पोटावर नेला. पोट सपाट होतं. तिनं जयराजकडे पाहिलं.

"मुलगी होती," तो म्हणाला.

तो पुढे काही बोलणार होता. पण त्या एका 'होती'वरून तिला सगळं कळलं. तिनं मान भिंतीकडे वळवली. आईनं पायावर ठेवलेला हात तिनं झटकला नाही, पण आपला पाय हळूच आखडून घेतला.

दवाखान्यातून ती वाडीला आली नाही. विट्याला सासरी गेली आणि अंगात ताकद आल्यावर जयराजबरोबर वरंगळला. जाण्याआधी जयराज निरोप घ्यायला वाडीला आला, तेव्हा त्यानं माझी आठवण काढली. तो म्हणाला, "आई, ती अंगठी द्या, मी जोडून आणतो." सोनं जोडणं त्याला अवघड नव्हतं. डाग दिला असता तर चीर दिसलीही नसती. अंजनाबाईंनी फोनवर पल्लवीला विचारलं. पल्लवी म्हणाली, राहू दे तिथंच. मग माझं नाव कुणी काढलं नाही.

तीन वर्षं पल्लवी माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पंचमीला नाही, गावच्या जत्रेलाही नाही. फोन यायचा. जेवला का, पाऊस आहे का, बाबांचा खोकला कसा आहे, एवढं बोलणं व्हायचं आणि फोन ठेवला जायचा. आईला तिनं एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं अंजनाबाई एकदा कोंडीबांना म्हणाल्या. कोंडीबा म्हणाले, "तिच्या मनात तसं काय न्हाई गं." अंजनाबाईंना ते पटलं नाही. त्या चंचीतून पान काढायच्या आणि हात मला लागला की पान न खाताच चंची गुंडाळून ठेवायच्या.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरातल्या सोनियाला आठवा लागला. सोनिया त्या घरची थोरली सून. एकदा पाण्याच्या टाकीपाशी अंजनाबाईंनी तिचं तोंड बघितलं आणि त्या घागर तिथेच ठेवून तिच्याजवळ गेल्या. तिचा पाय पुढे घेऊन नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला की काय ते वाकून बघत बसल्या. मग चंची सोडली, मला बाहेर काढलं आणि माझी कापलेली बाजू तिला दाखवली. सोनियाची सासू रागावली. कामाच्या दिवसांत सुनेला पाटणला कशाला न्यायचं, असं तिचं म्हणणं. अंजनाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या सकाळच्या एसटीनं सोनियाला घेऊनच गेल्या.

तपासणीत काही निघालं नाही. रक्तदाब चांगला, लघवी चांगली, बाळाचे ठोके चांगले. सोनिया मुळातच गोल चेहऱ्याची होती. परतीच्या एसटीत वाडीतल्या बायका अंजनाबाईंना हसल्या. त्या खिडकीशी बसून होत्या. दिवस फुकट गेला म्हणून सोनियानं त्यांची माफी मागितली, तशा त्या म्हणाल्या, "फुकट गेला ते बरं झालं. दर खेपंला फुकटच जाऊ दे."

त्यानंतर त्या कितीजणींना घेऊन गेल्या. नऊ तारीख आली की त्या आपणहून तयार होऊन दारात उभ्या असायच्या. स्वप्नालीताईला आता कुणाच्या घरी दोनदा सांगावं लागत नव्हतं. त्या बायकांपैकी एकीचा रक्तदाब वाढलेला निघाला, तिला तिथूनच पुढं पाठवलं. तिचं बाळ कमी दिवसांचं जन्मलं, पण रडलं. बाकीच्यांचा दिवस फुकट गेला. वाडीत काहीजण म्हणतात, अंजनाबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांना ते ठाऊक आहे.

यंदा माघात पल्लवी आली. जयराज तिला घेऊन आला आणि ओसरीवर कोंडीबांशी बोलत बसला. ती आधीपेक्षा बारीक झाली होती. बोटात काही नव्हतं. ती आईच्या पाया पडली. तिनं चहा घेतला, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई चूल सारवत होत्या, तेव्हा तिनं मागून विचारलं, "आई, कुठं ठिवलंय तिला?"

अंजनाबाईंनी सारवणाचे हात धुतले. चंची कमरेला खोचली आणि पुढे चालू लागल्या. दोघी शेताच्या बांधावरून ओढ्याकडे गेल्या.  हिरड्याखाली दगड तसाच होता, त्यावर शेवाळ वाळलं होतं. पल्लवी खाली बसली आणि तिनं दगडावर हात ठेवला. 

मग तिनं विचारलं, "कशी हुती गं?"

तीन वर्षं हा प्रश्न अंजनाबाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. "केस लय हुतं. काळं, दाट. कपाळ तुझ्यावाणी. नाक जयराजरावांचं. बोटं लांब हुती, आन् उजव्या कानाला लहानसा तीळ हुता. झोपल्यागत वाटत हुती, पल्ले. तोंडावर काय तरास न्हवता."

पल्लवी रडली. ती कराडलाही रडली नव्हती, विट्यालाही नाही. अंजनाबाईंना तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्यांचा हात पुढे जाईना. त्यांनी चंचीची दोरी सोडली आणि मला मुठीत घेतलं.

"सूज माझ्या डोळ्याम्होरं हुती," त्या म्हणाल्या. "मी भरली भरली म्हणत बसले. माझ्यामुळं गेली ती."

पल्लवीनं मान हलवली.

"तीन दिस डोकं फुटत हुतं माझं. मी तुला सांगितलंच न्हाई. लाथा कमी झाल्या, तेबी न्हाई. तू इचारलंस, तर मी काय न्हाई म्हणाले."

"मी एकदाच इचारलं," अंजनाबाई म्हणाल्या.

 पल्लवीनं आईची मूठ उघडली, मला तळहातावर घेतलं आणि माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. आपली आई मला रोज कमरेला बाळगते हे तिला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं दोघी दोन गावांत एकच ओझं घेऊन जगत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की ते आपल्या एकटीचंच आहे. पल्लवीनं मला परत आईच्या हाती ठेवलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ऊन चढेपर्यंत त्या दोघी तिथे होत्या. त्यांचं दुःख त्यानं कमी झालं असं मी म्हणणार नाही. हिरड्याखालचा दगड जिथल्या तिथे आहे. पण घरी परतताना पल्लवीनं आईचा हात धरला होता.

दोन दिवसांनी ती वरंगळला गेली. मला तिनं नेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात आठवा-नववा लागलेली कुणी ताई, काकू, वहिनी असेल. तुम्ही लहान आहात म्हणून हे आपलं काम नाही असं समजू नका. तिच्या कार्डावरची ओळ रिकामी दिसली तर मोठ्या माणसांना तसं सांगा. पायांवर संध्याकाळी थोडी सूज येते आणि सकाळी जाते. पण हात सुजले, तोंड सुजलं, बांगडी फिरेना, अंगठी निघेना, तर तिचं कौतुक करत बसू नका. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला लावा. डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पोटात वरच्या बाजूला दुखलं, बाळ कमी हललं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर तासाभराचीही वाट बघू देऊ नका. तपासून काही निघालं नाही, तर दिवस फुकट गेला म्हणून आनंद करा.

आणि तिच्याजवळ जाऊन बसा. डोकं दुखतंय का, बाळ हलतंय का, एवढं विचारा. ती 'काही नाही' म्हणाली, तर थोडं थांबा आणि आणखी एकदा विचारा.